अंगठी शोधणारा तुर्शीवाला

"डोळं माझं शाबूत हायती. डागदरनं भितीवरची समदी अक्षरं वाचून घेतली माझ्याकडनं, अगदी खालच्या वळीतली मुंगीएवढी बी. मंग अंगठी का सापडंना, त्येवढं सांग मला."

अबू सलवान हे बायकोला विचारत होता, आणि उम्म सलवान दुकानाच्या मागल्या बाजूला बसून सलगमाचे गड्डे चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"सापडंना म्हंजी सापडंना. अंगठी काय तुमची आत्या हाय, वळख पटली म्हणून हाक मारायला?"

दजला नदीकाठच्या आमच्या काझिमियात दब्बाग गल्ली म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवायच्या. एक, अबू सलवानची तुर्शी. सलगम, काकड्या, वांगी, लसणाचे अख्खे गड्डे, सगळं पिंपात मुरवलेलं. आणि दुसरी, अबू सलवान स्वतः, पण तो फक्त रमजानात. वर्षाचे अकरा महिने हा माणूस सिरक्याचा वास मारत हिंडायचा आणि कुणी त्याच्याकडं ढुंकून बघायचं नाही. रमजान लागलं की त्याच्यासाठी खुर्ची यायची, चहा यायचा, आणि पोरंठोरं लांबून बोट दाखवायची.

कारण अंगठीचा खेळ. एका मोहल्ल्याची चाळीस माणसं ओळीनं बसतात, घोंगडीआड अंगठी कुणाच्या तरी मुठीत जाते, आणि ऐंशी मुठी समोर येतात. दुसऱ्या मोहल्ल्याचा एकच माणूस पुढं येतो. रिकामी वाटेल ती मूठ उघडायला लावत जायचं, आणि शेवटी जिच्यात अंगठी आहे तिच्यावर बोट ठेवायचं. चुकला की गुण समोरच्यांचा. आमच्याकडून तो एकच माणूस म्हणजे अबू सलवान, गेली एकवीस वर्षं. भर उन्हाळ्यातल्या रमजानात त्यानं शेख सालिम मोहल्ल्याच्या चाळीस जणांतून सहा मुठी उघडून सातवीला अंगठी काढली होती. तो सांगायचा, डोळे बोलतात. माणूस जिभेनं खोटं बोलेल, डोळ्यानं बोलणार नाही. हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याच्या डोळ्याला डोळा देत नसत.

गेली दोन वर्षं मात्र त्याचं बोट रिकाम्या मुठीवर पडत होतं. गेल्या साली तर शेख सालिमवाल्यांनी लागोपाठ नऊ गुण घेतले आणि जिंकल्याची जिलेबी खाताना आमच्याकडं बघून बोटं चाटली. झालं. अबू सलवानचे डोळे गेले, असं गल्लीनं ठरवून टाकलं. डॉक्टरचा कागद त्यानं दुकानात लावला होता, लिंबाच्या तुर्शीच्या बरणीवर. कुणी वाचला नाही.

आता रमजान तीन आठवड्यांवर आलं होतं. आमच्या संघाचा म्होरक्या हाजी ज़ामिल. चहाचं दुकान त्याचं, आणि गल्लीतला शेवटचा शब्दही त्याचाच. त्यानं निरोप धाडला होता: गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर येतो. पुढं तू येणार का यासीनला द्यायचं, ते तुझ्याच तोंडून ऐकतो. यासीन म्हणजे समोरचा न्हावी, उम्म सलवानच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, वय पस्तीस. त्याला ही जागा हवी होती आणि हवी आहे हे तो लपवतही नव्हता. लपवलं असतं तर अबू सलवानला निदान राग तरी धरता आला असता.

आणि तो गुरुवार उजाडला होता.

सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या पुस्तकबांधणीवाल्याची मुलगी तुमादिर एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन दुकानात आली. ही पोरगी चित्रकलेच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून एक खेळ तयार करत होती. पत्ते आणि फासे. खेळ अजून छापलेला नव्हता, पण नेटवर चित्रं टाकून तिनं वर्गणी मागितली होती, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या चारशे बारा माणसांनी ती दिली होती. तिच्या बापाला हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो म्हणायचा, मी बांधलेलं पुस्तक हातात घेऊन, उलटसुलट करून, वास घेऊन माणसं घासाघीस करतात, आणि हिला न बघितलेल्या खेळाचे पैसे देतात.

तुमादिरनं आल्या आल्या सांगितलं की छापखान्याला आज संध्याकाळी सगळं पाठवायचं आहे. पाठवलं की बदल नाही. तिच्या मैत्रिणींनी खेळ पन्नास वेळा खेळून बघितला होता, पण त्या सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. तिला बघायचं होतं की तोंड वाचणाऱ्या माणसासमोर खेळ टिकतो का.

"काका, तुम्ही प्रत्येक वेळी खोटं पकडलंत तर माझा खेळ मेला," ती म्हणाली. "आणि कुणालाच कधी पकडता आलं नाही, तरी मेला. मधे कुठं तरी जगायला पाहिजे."

अबू सलवाननं मिशीवरून हात फिरवला. पोरीला मदत करायची म्हणून तो हो म्हणाला असं आम्हाला वाटलं. खरं म्हणजे त्याच्या मनात दुसरंच होतं. हाजी यायला तीन तास होते. डोळे अजून चालतात का, हे त्याला कुणाच्या नकळत तपासून घ्यायचं होतं. आणि त्यासाठी त्यानं कुणाला हाक मारावी? यासीनला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तो वस्तरा पुसत पुसत आला.

रॉकेलची शेगडी मधे घेऊन चौघं बसली. अबू सलवान, उम्म सलवान, तुमादिर आणि यासीन. मी पिंपाला टेकून उभा होतो, कारण बसायला पाचवी पेटी नव्हती. थंडी अशी होती की शेगडीकडचं तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. जो तो जाकिटात, लोकरीच्या सदऱ्यात.

खेळ सोपा होता. प्रत्येकजण दजला नदीतला नावाडी. हातातल्या पत्त्यावर माल: खजूर, चहा, साखर, नाही तर चोरीची सिगारेट. पत्र्याच्या पेल्याखाली तीन फासे हलवायचे, आपल्यापुरतं डोकावून बघायचं. जेवढे आले तेवढी पोती. मग पेल्यावर हात ठेवून पुलावरच्या शिपायाला सांगायचं, माझ्या नावेत अमुक इतकी अमक्याची पोती आहेत. खरं सांगा नाही तर खोटं. बाकीच्यांनी म्हणायचं, जाऊ दे, किंवा झडती. खोटं पकडलं तर नाव अडकली. खऱ्या माणसाची झडती घेतली तर घेणाऱ्याचीच नाव एक डाव मागं. सात नावा पलीकडं गेल्या की जिंकला.

पहिल्या दोन-चार डावांत अबू सलवान रुबाबात होता. यासीननं नऊ पोती खजूर म्हटल्यावर त्यानं त्याच्या डोळ्यांत असं बघितलं की दुसरा एखादा मुतला असता, आणि म्हणाला, झडती. नऊच निघाली. मग तुमादिरची बारा पोती चहा त्यानं जाऊ दिली. पेल्याखाली चार होती. बायकोच्या साखरेची झडती घेतली, ती खरी. पुढची जाऊ दिली, ती चोरीची सिगारेट.

"घरात बी असंच हाय," उम्म सलवान म्हणाली. "तीस वर्षं माल निघून चाललाय ह्येंच्या पुलावरनं."

अकरा झडत्यांत त्याच्या नऊ चुकल्या. उलट यासीन त्याला दर वेळी पकडत होता. अबू सलवाननं तोंड उघडून पोती म्हणायची खोटी, की यासीन म्हणायचा, झडती घ्या काकांची. बायकांची खोटी मात्र यासीनलाही कळत नव्हती. तुमादिर वहीत खुणा करत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. मधे कुठं तरी जगायला पाहिजे म्हणाली होती ना, तसंच होत होतं. अबू सलवानचा चेहरा मात्र त्याच्या वांग्याच्या तुर्शीसारखा आक्रसला होता. त्याला उत्तर मिळालं होतं. डॉक्टरचा कागद खरा असो नाही तर खोटा, त्याची विद्या गेली होती.

तेवढ्यात एक बाई अंबा, म्हणजे कैरीची आंबट तुर्शी, मागायला आली. अबू सलवान उठला, आणि उठताना त्याच्या गुडघ्याचा धक्का लागून बीट घालून मुरवलेल्या सलगमाच्या बरणीतलं लालभडक खारं पाणी पत्ते मांडलेल्या पेटीवर सांडलं. तुमादिर किंचाळायच्या बेतात होती. चौघांनीही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि पत्ते उचलून, फडक्यानं टिपून, शेगडीजवळ वाळत घातले. दोन पत्त्यांवरचे नावाडी कायमचे लाल झाले. बाकी वाचले. बाईला अंबा देऊन अबू सलवान परत बसला, म्हणाला, खेळू या अजून एकदा, आता काय राहिलंय.

बाह्या वर होत्या त्या बहुतेकांच्या तशाच राहिल्या. हात ओले, चिकट, खाली कोण ओढतो?

यासीननं पेल्यावर हात ठेवला. अकरा पोती चहा. अबू सलवान म्हणाला, झडती. पाच निघाली. तुमादिर, सहा खजूर. जाऊ दे. सहाच होती. तिची पुढची झडती, खोटी. यासीनची झडती, खोटी. यासीनची जाऊ दे, खरी. धडाधड सगळं बरोबर यायला लागलं. तो डोळ्यांत बघत होता, मान डोलावत होता आणि सटासट सांगत होता. एकवीस वर्षांपूर्वी त्याला मी असाच बघितला होता.

तुमादिरनं पेन्सिल खाली ठेवली. 

"म्हणजे मघाचं नशिबानं झालं होतं," ती म्हणाली. "खेळ टिकत नाही."

अबू सलवानला मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. तो यासीनला म्हणाला, तुझा वस्तरा तुला लखलाभ. 

चुकलं ते फक्त बायकोच्या बाबतीत. तिचा एकही माल त्याला कळेना. त्याला वाटलं, बायको आहे, कसा कळणार. पण उम्म सलवान तोपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघायची थांबली होती. तिला थंडी वाजली म्हणून तिनं मघाशीच बाह्या खाली ओढल्या होत्या. आता तिनं उजवी बाही वर केली, फासे हलवले आणि म्हणाली, आठ साखर. झडती, खोटी. पुन्हा म्हणाली, दहा खजूर. जाऊ दे, खरी. मग बाही खाली. सात चहा. झडती. सातच निघाली.

तिनं हे सहा वेळा केलं. सहाव्या वेळी आम्हा सगळ्यांना दिसलं. दिसलं नाही ते फक्त अबू सलवानला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी डोळं न्हाई वाचत. तुमी मनगाट वाचताय."

तो हसला. मग हसायचा थांबला. तिनं त्याला स्वतःचा हात दाखवला. खोटं बोलताना पेल्यावरची बोटं घट्ट होतात, आणि मनगटापासून कोपराकडं एक शीर दोरीसारखी वर येते. तो माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बसायचा, आणि त्याच्या नजरेची कड मात्र कायम खाली त्या शिरेवर असायची. हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षं गल्लीला जे सांगत आला, ते त्यानं स्वतः पण खरं मानलं होतं.

आणि मग तो जे गणित करत बसला, ते आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्याच्याबरोबर केलं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतं. हा पहिल्यांदा पुढं आला ते रमजान ऑक्टोबरातलं. मग सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, जून. चाळीस माणसं घामानं डबडबलेली, सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत सारलेल्या, काहीजण नुसत्या बनियनवर. ऐंशी उघडी मनगटं. मग मे, एप्रिल, मार्च. आता फेब्रुवारी. शेख सालिमवाले गेल्या साली जाड कोट घालून बसले होते, आणि कोटाची बाही बोटांच्या मुळापर्यंत येते.

कुणाचे डोळे गेले नव्हते. थंडी आली होती, एवढंच.

नमाज सुटल्यावर हाजी ज़ामिल आला, लोकरीचा झगा अंगावर, हातात जपाची तसबीह. यासीननं त्याला पेटी पुसून दिली. हाजीनं खोकून घेतलं आणि इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, काय ठरवलंस?

गप्प बसून हो म्हणायचं अबू सलवानच्या हातात होतं. त्याचे डोळे चांगले आहेत, कागद बरणीवर आहे, हाजी भिडस्त आहे. आणखी एक रमजान निघालं असतं. आम्हा चौघांपैकी कुणी तोंड उघडलं नसतं, यासीननंही नाही, मावशी समोर बसली होती. पण त्यानं हाजीलाच सगळं सांगितलं, मनगट, शीर, बाह्या, फेब्रुवारी.

हाजीनं त्याच्याकडं दयेनं बघितलं. म्हातारा होत चाललेल्या माणसाकडं बघतात तसं.

"मंग शेख सालिमवाल्यास्नी काय सांगू? बनेलवर बसा म्हणू? आमच्या माणसाला गरमीशिवाय दिसत न्हाई म्हणू?"

"तसबीह मुठीत घे," अबू सलवान म्हणाला. "आन् कुठल्या मुठीत हाय त्ये मला सांगू नगंस."

हाजीनं झग्याखाली हात नेले, मुठी पुढं केल्या. चूक. पुन्हा, चूक. मग एक बरोबर, मग दोन चुका. हाजी वैतागून म्हणाला, बास, माणसाला एवढं लाजवू नये. तेव्हा उम्म सलवान उठली आणि पोराचे कपडे नीट करावेत तशा हाजीच्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून आली. लोकरीतून हाजीचे वाळलेले, शिरांनी भरलेले हात बाहेर आले. पुढच्या आठ वेळा अबू सलवान आठही वेळा बरोबर होता. नवव्या वेळी हाजीनं दोन्ही मुठी रिकाम्या पुढं केल्या, आणि अबू सलवान म्हणाला, तसबीह मांडीखाली घातलीस.

हाजीनं मांडीखालून तसबीह काढली.

"यासीनला बसव," अबू सलवान म्हणाला.

"त्येला काय येतंय?"

"नरडं वाचतोय त्यो. मला सकाळधरनं वाचतोय. खोटं बोलायच्या आधी माणूस आवंढा गिळतो. दीसभर लोकांच्या नरड्यावर वस्तरा चालवतोय, त्येला न्हाई कळणार तर कुणाला? नरडं थंडीत बी उघडंच असतंय. बायकांचं तेवढं ओढणीआड, म्हणून त्या सुटल्या."

यासीननं खाली बघितलं. त्याला ठाऊक होतं तो काय वाचतो ते, आणि काकाला कळणार नाही असं तो धरून चालला होता. हाजीनं नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"शेख सालिमवालं मफलर गुंडाळून आलं तर?" यासीननं विचारलं.

"मंग त्ये तू बघ. म्होरक्या तू हायस आता."

"म्होरक्या मी हाय," हाजी म्हणाला. "ह्यो फकस्त शोधणार. आन् तू काय करणार?"

"माझी जागा राखून ठेव. अकरा वर्सांनी रमजान ऑक्टोबरात येतंय. मी सत्तरीचा आसंन. तवा पुन्यांदा बसतो. त्येच्या फुडं उन्हाळाच उन्हाळा."

"अकरा वर्सं जगशील का?"

"तू एवढं जगलास, मी का न्हाई?"

हाजी हसला, पण उठताना त्यानं अबू सलवानच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला जरा वेळ लावला. बाहेर पडताना त्याच्या बाह्या अजून वरच होत्या. दारातून वारा लागला तेव्हा लक्षात येऊन त्यानं त्या ओढून घेतल्या.

यासीन काहीतरी बोलायला थांबला होता. काका, असं दोनदा म्हणाला. अबू सलवाननं त्याला सांगितलं, तुझ्या दुकानात माणूस येऊन बसलाय, जा. आणि खरंच बसला होता, अर्ध्या दाढीला साबण लावून, आपला आपणच.

राहिली तुमादिर. ती पत्ते गोळा करत होती आणि नियमांच्या कागदावर काहीतरी लिहीत होती. मी वाकून वाचलं. सगळ्यांत वर, फासे कसे हलवायचे त्याच्याही आधी, तिनं एक वाक्य घातलं होतं: खेळताना सर्वांच्या बाह्या मनगटापर्यंत खाली असाव्यात. तिच्या बापानं पुढं मला विचारलं की असल्या वाक्याचा अर्थ काय, परदेशातल्या लोकांना वाटेल आम्ही फार सोवळे आहोत. पण खेळ मधे कुठं तरी जगला होता. संध्याकाळच्या आत तो छापखान्याकडं गेला.

लाल झालेले दोन नावाडी तिनं अबू सलवानला देऊन टाकले. त्यानं ते वास घेऊन बघितले, म्हणाला, आठवडाभर ऱ्हाऊ देत, मंग खायला बी होतील.

दुकानात तोवर गिऱ्हाईक जमलं होतं. रमजानच्या आधी लोक पाच-पाच किलो तुर्शी भरून ठेवतात, इफ्तारीला लागते. पहिली बाई म्हणाली, लसूण जुना द्या, मागच्या वेळचा तिखट लागला. अबू सलवाननं पिंपावरचा दगड उतरवला, लाकडी झाकण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "जुना म्हंजी किती? दोन वर्साचा हाय, चार वर्साचा बी हाय." बाई चार वर्षांचा म्हणाली. मग चाखून बघते म्हणाली. त्यानं चमचा धुतला आणि पिंपात खाली घातला.